मुठीजवळच्या रेघा

खंडेनवमीच्या सकाळी म्या सासऱ्यांच्या चाकूची वाट लावली, अन् ती बी राखेनं घासून. खोटं कशाला सांगू, मनात भक्तीच होती. सणाला घरातलं समदं लोखंड घासायचं, हळद-कुंकू लावून पाटावर मांडायचं. विळे, खुरपी, कुऱ्हाड, पाने-पकडी, समदं मोरीपाशी काढलं. मग वाटलं, मामांचा चाकू तेवढा कशाला मागं ठेवायचा. शेडातल्या खिडकीलगतच्या फळीवर फडक्यात गुंडाळलेला होता, बाहेरनंच हात घालून काढला. उघडला तर तेलकट, चिकट लागला. राख, विटकरीचा चुरा, नारळाचा काथ्या, घेतला अन् घासला. धुतला, पदरानं पुसला, अन् उजेडात धरला. मघाशी ज्या पात्यात माझ्या कपाळाचं कुंकू दिसलं होतं तिथं आता धुकं होतं, अन् त्या धुक्यात मुठीपासून टोकापर्यंत उभ्या रेघाच रेघा.

ते तेल गंज धरू नये म्हणून मामांनीच लावलेलं. हे मला तवा सुचलं, जवा सुचून काय बी उपयोग न्हवता.

मामा म्हंजी माझे सासरे, माणिकप्पा. एस.टी.त फिटर होते. रिटायर झाले तसे परसातल्या पत्र्याच्या शेडात बसून ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यांचे चाकू करायला लागले. आमचं लिंगायताचं घर, अंडंसुदीक चुलीवर चढत न्हाय, अन् हे चाकू करणार. आमच्या सास्तूर गावातली माणसं पारावर विचारायची, "माणिकप्पा, कुणाचा कोथळा काढायचा हाय?" मला लई राग यायचा. मामा काय बोलायचे न्हाईत. त्यांचे चाकू कापायचे न्हवतेच, बघायचे होते. एकेका पात्याला तीन तीन महिने नुसतं पॉलिश. शेडात कुणी पाय ठेवायचा न्हाय, मी तर न्हायच न्हाय. चहाचा कप खिडकीत ठेवायचा अन् जायचं. मी काय लगेच जात न्हवते. अकरा वर्षं त्या खिडकीतनं बघितलंय.

म्याच त्या चाकूचे फोटो मोबाईलवर पुण्याच्या रणधीर देशमुखांना पाठवले होते. चाकू जमवायचा नाद हाय त्यांना. त्यांचा फोन आला, पुण्यात जुन्या कारागिरांचं प्रदर्शन हाय, माणिकप्पांचा चाकू मांडायचा, मी स्वतः न्यायला येतो. नवमीलाच, पाच वाजता. मामांनी "बरं" एवढंच म्हटलं. पण त्या सकाळी पेटीला आतनं मखमल लावून घ्यायला तालुक्याला, लोहाऱ्याला गेले, अन् जाताना म्हणाले, कटिंग बी करून येतो. सत्तर वर्षांच्या माणसानं कटिंगचं सांगून जावं, म्हंजी समजून घ्या. दुसरा चाकू होणार न्हवता. डोळ्याचा पडदा गेला होता, डॉक्टरनं सांगितलं होतं, हाय तेवढ्या नजरेवर भागवा. हा शेवटचा, अन् तो माझ्या काथ्यानं खरवडून ठेवला.

नवरा ट्रॅक्टर घेऊन उमरग्याला. कुणाला सांगू? घड्याळात नऊ वाजले होते, मामा चारच्या गाडीनं येणार. शेडाच्या दारात मी दोनदा गेले अन् दोनदा परत आले. मग डोकंच फिरलं. म्हटलं, शिव्या खायच्याच हाईत तर आत जाऊन खाऊ.

काम मला तोंडपाठ होतं, हाताला न्हवतं. पहिल्यांदा धारेला चिकटपट्टी, न्हायतर बोटं जातात. मग पॉलिश पेपर, लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळून, पाण्यात भिजवून. सहाशे नंबरनं सुरुवात. एका नंबरच्या रेघा एका दिशेनं मारायच्या, पुढच्या नंबरच्या त्यांना आडव्या. मागच्या समद्या रेघा गेल्याबिगर पुढचा पेपर धरायचा न्हाय. मधी हात धुवायचे, पातं धुवायचं. जाड्या पेपरचा एक कण जरी बारक्या पेपरवर राहिला तर परत पहिल्यापास्नं. मी दोनदा पहिल्यापास्नं केलं. दुसऱ्यांदा तर ठोकळा भिंतीवर फेकून मारला अन् माझा मीच उचलून आणला. एकीकडं फाटकाचा आवाज झाला की जीव खालीवर. शेळी असायची, न्हायतर वारं. नैवेद्याच्या पुरणाच्या कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या कुणास ठाऊक, जळाल्याचा वास आला तवा पळत जाऊन बंद केला.

बारा वाजता माझ्या उभ्या रेघा गेल्या. मला वाटलं सुटले. पातं उजेडात तिरपं धरलं, तर मुठीजवळ दुसऱ्या रेघा. आडव्या, खोल. मी तर उभं घासलं होतं. परत बघितलं, मुठीपाशी ठोकळा नीट बसत न्हाय अशा जागी, एकाशेजारी एक. राखेच्या न्हवत्या. पेपरच्या होत्या, माझ्या सहाशेहून जाड्या पेपरच्या. मामांच्या. वर चमक चढली होती, तेल होतं, म्हणून आजवर कुणाच्या ध्यानात आल्या न्हवत्या.

मी खाली बसले. मामांच्या हातून रेघ राहिली? एका रेघेपायी आठवडाभर जेवणावर लक्ष नसलेला माणूस हा. मग कळलं. त्यांना दिसल्याच न्हवत्या.

त्या तशाच ठेवल्या असत्या तर चाललं असतं. त्यांच्या होत्या, त्यांच्या राहिल्या असत्या. पण पुण्यात मोठमोठे लोक भिंग लावून बघणार, अन् म्हणणार, म्हातारा चांगला हाय पण मुठीजवळ चुकला. मला ते सहनच झालं न्हाय. पेपर बोटाला गुंडाळला अन् एकेक रेघ काढली. मग बाराशे, दोन हजार, मग चामड्याच्या तुकड्यावर पेस्ट. साडेतीनला पात्यात माझं तोंड दिसलं. घामेजलेलं, काळं, पण अख्खं दिसलं. तेलाचा हात दिला, फडक्यात गुंडाळला, फळीवर ठेवला.

मामा आले. केस बारीक, पेटीत लाल मखमल. म्या पाणी दिलं. माझ्या बोटांकडं त्यांचं लक्ष गेलं न्हाय, न्हायतर नजर तेवढी पोचली न्हाय.

पाचला रणधीरराव आले. चहा तसाच ठेवून त्यांनी चाकू दारातल्या उन्हात धरला. मुठीपासून टोकापर्यंत नजर फिरवली. मग म्हणाले, "काका, असं पॉलिश मी हाताचं पाहिलेलं नाही. मुठीपर्यंत एक रेघ नाही." माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. त्यांनी कागद काढला. प्रदर्शनाचा एकच नियम होता, चाकू पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच हाताचा पाहिजे. खाली सही करायची.

मामा म्हणाले, "बघू, आणा इकडं." त्यांनी पातं डोळ्यापाशी नेलं न्हाय. मुठीजवळ अंगठ्याचं नख टेकवलं अन् हळूहळू सरकवलं. एकदा, परत एकदा. मग माझ्या दिशेनं तोंड केलं. म्या मान खाली घातली.

"हे पॉलिश माझं न्हाय," मामा म्हणाले. "सुनेचं हाय."

रणधीरराव गडबडले. माझ्याकडं बघितलं, चाकूकडं बघितलं. मग हळू आवाजात म्हणाले, "काका, मी हे ऐकलं नाही असं समजतो. तुम्ही सही करा."

"तुमी नका ऐकू. मी बोललोय की."

मी मधी पडले. राखेचं, काथ्याचं समदं सांगितलं, पाया पडते म्हटलं, चूक माझी हाय. रणधीरराव भला माणूस, पण नियम त्यांचा एकट्याचा न्हवता. त्यांनी गार चहा पिऊन टाकला, मामांना नमस्कार केला अन् गेले. गाडी वळून दिसेनाशी झाली तरी मामा दाराकडंच तोंड करून बसले होते. रिकामी पेटी मांडीवर.

मग माझा तोल गेला. "एक सही करायला काय झालं होतं तुमाला? गावानं हसायचं, तुमी गप. आज तोंड उघडायचं होतं का? दिवसभर मेले मी त्या शेडात. तुमचं नाव व्हावं म्हणून मेले."

मामा चिडले न्हाईत. म्हणाले, "त्या रेघा मला दिसत न्हवत्या. नखाला लागायच्या. दोन महिने रोज लागायच्या."

"मग मला हाक मारायची."

"काय म्हणून मारू? डोळे गेले म्हणून?" त्यांनी चाकू मखमलीवर ठेवला, झाकण लावलं न्हाय. "तशाच पाठवणार होतो. म्हटलं, कुणाला दिसल्या तर दिसल्या. माझ्या तर हाईत."

डोळ्यात पाणी आलं, ते बी रागाचंच. मी भिंतीला टेकून खाली बसले. परातीतली फुलं तशीच, हळद-कुंकू तसंच, विळे-खुरपी बिगर-पूजेची मोरीपाशी पडलेली.

"शिवकांता," मामांनी विचारलं, "तू काढायच्या आधी मोजल्या असतील. किती होत्या?"

"सात."

मामांनी अंगठ्याचं नख बोटावर घासलं. "मला पाचच लागायच्या," ते म्हणाले.