तिसरा फोटो

मित्रांनो, बोईसरच्या मनीषदादाच्या गळ्यात लोंबकळणारा जुना कॅमेरा तो मीच. माझा जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला. पण मला आठवतो तो पालघरचा लग्नाचा हॉल. तिथे मी पाच वर्षं नवरा-नवरीचे हार टिपले, मग जुना झालो म्हणून विकला गेलो. दादाने मला घेतलं. तो एका छोट्या वर्तमानपत्रासाठी फोटो काढतो. दसऱ्याला उत्कर्षावहिनी मला पाटावर बसवून हळदकुंकू वाहते.

"काचेला लावू नकोस गं!" दादा ओरडतो.

"देवाचेसुद्धा डोळे सोडूनच लावते मी," वहिनी हळूच म्हणते.

मनोरजवळच्या मोडक्या साकवाचा फोटो आम्ही काढला आणि महिन्याभरात साकव दुरुस्त झाला. दादाचं कौतुक झालं, थोडं माझंही. मला वाटू लागलं, आपण बघितलं की भलंच होतं.

एका सकाळी आम्ही तारापूरच्या खाडीवर गेलो. ओहोटी संपत आली होती. गोदूबाई आणि तिची सून रुचिता गाळात शिंपल्या वेचत होत्या.

"आये, पेपरात येनार तू. पदर तरी सावर!" रुचिता म्हणाली.

"लोकं शिंपल्या बगतील गो, माज्या पदराला कोन इचारतंय?"

दादा हसला. म्हणाला, "मावशी, अजून जरा पुढे जाल? तिकडे पाण्यावर उजेड छान आहे."

तिकडचा गाळ मऊ आहे, गावातली एकही बाई तिथे पाय ठेवत नाही. गोदूबाईला हे पक्कं ठाऊक होतं. पण आपल्या दारी आलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं? ती गेली आणि गुडघ्यापर्यंत रुतली. आधी तिला स्वतःचंच हसू आलं. पहिले दोन फोटो त्या हसण्याचे आहेत. मग भरतीचं पाणी आलं. ती धडपडली तशी कमरेपर्यंत खाली गेली. हात वर करून तिने हाक मारली, "पोरा, धाव रं!"

आणि दादाने माझं बटण दाबलं.

बोट त्याचं होतं, मित्रांनो, पण डोळा मीही मिटला नाही. तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुंदर फोटो आहे, हे सांगताना मला लाज वाटते.

मग मात्र त्याने मला तिथेच काठाच्या गाळावर टाकलं आणि तो धावला.

"उबा येव नको! तू पन रुतशील! आडवा हो!" गोदूबाई ओरडली.

रुचिताने काठावरच्या होडीतली फळी आणली. दादा फळीवर पालथा पडून सरकत गेला, हातांनी गोदूबाईच्या पायाभोवतीचा गाळ उपसू लागला. पाणी छातीला लागलं तेव्हा एकदाचा पाय सुटला.

दुसऱ्या दिवशी दादा त्यांच्या ओटीवर गेला. संपादकांना तिसरा फोटो पहिल्या पानावर हवा होता. गोदूबाईने माझ्या पाठीवरचा छोटा पडदा डोळ्यांजवळ धरला.

"हा कवा काडलास? मी हाक मारल्यावर?"

"हो, मावशी."

"मंग तवा तू मला बगत व्हतास, का फोटोला?"

दादाने मान खाली घातली. रुचिताने चहा पुढे ठेवला.

"पी, थंड व्हईल," गोदूबाई म्हणाली. "हसतानाचा छाप. खाली लिव, तिकडं गाळ मऊ हाय, कोनी जाव नका. आनि ह्यो पेपरात नको, माजी नात साळंत जाते, पोरं चिडवतील तिला. पन पुसू नको. तुज्यापाशी ठेव. नायतर इसरशील."

संपादक रागावले, पण दादाने हसतानाचाच फोटो दिला. तिसरा अजून माझ्यात आहे.

मित्रांनो, आता तुमच्या घराघरात फोन आहेत, माझी धाकटी भावंडंच ती. त्यांच्या काचा पुसा, त्यांना जपा, खुशाल फोटो काढा. पण कुणी हाक मारली, तर आधी आम्हाला खाली ठेवा. कुठेही ठेवा. आम्हाला थांबता येतं.