भरतकामाच्या कॉम्प्युटरमधला आत्मा

‘टुंग’ असा आवाज झाला आणि आमच्या कारखान्यात जमलेल्या सगळ्यांनी हात जोडले. सासूबाईंनी डोळे मिटले. शेजारच्या शिंप्याने तोंडात धरलेली सुई घाईघाईने कॉलरला खोचली आणि मान खाली घातली. दीर तर आधीपासूनच ओणवा होऊन उभा होता. मी कोपऱ्यात बसून बिल्ल्यांचे सुटे दोरे कातरत होते, ती कातरतच राहिले.

“आला,” क्लिकबुवा म्हणाले. “जरा रागात आहे आज. पण आला.”

त्यांनी कॉम्प्युटरवरचं काळं कापड ओढून घेतलं. पडद्यावर प्रोग्राम उघडलेला होता आणि त्यात एका शाळेचा बिल्ला दिसत होता. मागून कोणीतरी “अरे बापरे” म्हणालं.

क्लिकबुवा हे नाव मी मनातल्या मनात ठेवलेलं. बाकीचे त्यांना महाराज म्हणत.

कारखाना म्हणजे घराच्या तळमजल्यावरची एक खोली. तिच्यात भरतकामाचं एक मशीन आणि त्याला जोडलेला कॉम्प्युटर. आम्ही शाळांच्या गणवेशांचे बिल्ले करतो. नक्षी माझा नवरा काढायचा, एका जुन्यापुराण्या प्रोग्राममध्ये. मशीन मी चालवायचे. मग एका सकाळी बुटाची नाडी बांधताना तो खाली बसला आणि उठलाच नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याचा कॉम्प्युटरही बंद पडला, कायमचा.

दुकानदाराने नवा कॉम्प्युटर बसवला, जुन्यातलं सगळं त्यात उतरवलं आणि जाताना म्हणाला, “हा प्रोग्राम फार जुना आहे हो. यावर चालेलसं वाटत नाही.” मी दोनदा क्लिक केलं. ‘फाइल लिहिता येत नाही’ अशी चौकट आली आणि प्रोग्राम मिटला. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

“त्याला नवा डबा मानवला नाही,” सासूबाई म्हणाल्या.

आमच्या घरात माझ्या नवऱ्याबद्दल असंच बोलत. तो रुसलाय, तो थकलाय, त्याला आवडायचं नाही. तो गेला, असं कोणी म्हणत नसे. मीही नाही.

दिराने कुठूनतरी बुवांना शोधून आणलं. पांढरा सदरा, कमरेला दोन मोबाइल आणि तोंडात गुळगुळीत वाक्यं. “जुना आत्मा नव्या देहात लगेच रमत नाही, माऊली. त्याला आवाहन लागतं. माझ्या हातातून लहरी जातात. वायर नाही, काही नाही. वायरलेस!” वायरलेस म्हटल्यावर गर्दी गार पडली. मग पडद्यावर आणि माउसवर काळं कापड टाकायचं, कापडाखाली डोकं आणि हात घालायचा, पुटपुटायचं आणि तो टुंग आवाज. संध्याकाळी निघताना बुवा स्वतःच्या हाताने कॉम्प्युटर बंद करत. आत्म्याला विश्रांती हवी म्हणे. सकाळी आत्म्याला उठवायला पुन्हा बुवाच.

बातमी गल्लीभर झाली. कोणी बंद पडलेला रेडिओ घेऊन येई, कोणी न तापणारी इस्त्री. एका आजोबांनी कानाचं यंत्र आणलं. बुवांनी त्यावर हात ठेवून विचारलं, “आता ऐकू येतं?” आजोबा म्हणाले, “काय?” बुवा म्हणाले, “वेळ लागेल.”

दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला बाजूला केलं. “या बाईंचं दुःख जड आहे. यांचा हात लागला की तो मागे फिरतो. बघा ना, यांनी क्लिक केलं तेव्हा उघडलं का?” ते खरं होतं, उघडलं नव्हतं. लग्न झाल्यापासून जे मशीन मी चालवलं, त्यावर दीर बसला आणि मला कातर मिळाली.

मला राग यायला हवा होता. आला नाही. त्या दिवसांत मला काहीच येत नव्हतं, ना भूक, ना राग, ना रडू. कातर हातात दिली, मी कातरत बसले. जेवायला बोलावलं की जेवायचे.

सासूबाई मात्र सुधारल्या. रोज सकाळी कॉम्प्युटरजवळ स्टूल ओढून बसायच्या, कारण बुवा निरोप सांगत. “म्हणतोय, आईला सांगा, वेळेवर जेव.” “म्हणतोय, पाय सुजले असतील तर वर ठेवून बस.” पाय सुजतात हे दिराने बुवांना सांगितलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. तरी सासूबाई पाय वर घेऊन बसायच्या आणि त्यांचा चेहरा हलका व्हायचा. म्हणून मी गप्प राहिले.

मग एक दिवस निरोप आला, की आत्म्याला या घरात फार ओढ लागते. मशीन आणि कॉम्प्युटर बुवांच्या जागेत हलवावं. तिथे तो शांतपणे काम करील. दीर मान डोलावत होता. मशीन गेलं की माझं काय, हे कोणी विचारलं नाही. तेव्हाही मला काही वाटलं नाही. फक्त हातातला बिल्ला कातरीने मधोमध कापला गेला.

तयार बिल्ले पोचवायला मी एका शाळेत गेले. कॉम्प्युटरच्या खोलीत शिक्षिका नव्या कॉम्प्युटरवर जुना टायपिंगचा प्रोग्राम बसवत होत्या. मी पिशवी ठेवली आणि मागून आवाज आला. टुंग.

माझे हात आपोआप जोडले गेले.

“काय झालं?” बाईंनी विचारलं.

“हा आवाज कसला?”

“हा? परवानगी मागतोय.” त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. मागचं सगळं अंधारलं होतं आणि मधोमध प्रश्न होता, या प्रोग्रामला बदल करू द्यायचे का? हो किंवा नाही. “जुने प्रोग्राम स्वतःच्याच फोल्डरमध्ये स्वतःच्या नोंदी लिहून ठेवायचे. जुना कॉम्प्युटर त्यांना अडवायचा नाही. नवा अडवतो, उगाच कुठला व्हायरस घुसायला नको म्हणून. मग माउसचं उजवं बटण दाबायचं आणि ‘ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा’ निवडायचं. तो विचारतो, आपण हो म्हणायचं.”

“रोज?”

“छे! प्रॉपर्टीजमध्ये कम्पॅटिबिलिटीचं पान असतं, तिथल्या चौकोनात एकदा खूण करून टाकायची. मग उजवं बटण वगैरे काही नको. कोणीही दोनदा क्लिक केलं की विचारतो, आणि हो म्हटलं की उघडतो.”

मी त्यांच्यासमोर ते स्वतःच्या हाताने करून पाहिलं, पाठ होईपर्यंत. जुना आत्मा नव्या देहात रमत नाही, हे बुवांचं वाक्य तसं बरोबरच होतं. फक्त तो आत्मा माझ्या नवऱ्याचा नव्हता, प्रोग्रामचा होता. आणि त्या चौकोनात खूण न करणं, हा बुवांचा सगळा धंदा होता.

घरी परतले तर दारात टेम्पो उभा. मशीनच्या पायाला दोर बांधून झाला होता आणि निरोप द्यायला गल्ली लोटली होती.

“थांबा,” मी म्हणाले. “जाण्याआधी मला एकदा आवाहन करू द्या.”

“वहिनी, हात लावू नका!” दीर ओरडला.

“करू दे तिला,” सासूबाई म्हणाल्या. “बायको आहे ती त्याची.”

मी कॉम्प्युटर सुरू केला, काळं कापड पांघरलं आणि आत डोकं आणि हात घातला. टुंग. सगळ्यांनी हात जोडले, सवयीने बुवांनीसुद्धा. मी कापड काढलं. प्रोग्राम उघडलेला होता.

बुवा पटकन सावरले. “पाहिलंत? मीच त्यांना शक्ती दिली. सकाळीच दिली होती.”

“मग आता या शिंपीदादांना द्या.” मी प्रोग्राम बंद केला आणि कापड टेम्पोत फेकलं. शिंप्याने जन्मात माउस धरला नव्हता. सांगितलं तसं त्याने उजवं बटण दाबलं. पडदा अंधारला आणि प्रश्न आला.

“हे तर विचारतंय काहीतरी,” तो म्हणाला. “हो का नाही.”

“हेच कापडाखाली असायचं.”

त्याने हो दाबलं आणि बिल्ला उघडला. शिंपी स्वतःच्या बोटाकडे बघत राहिला. मग मी सगळ्यांसमोर ते पान उघडलं, चौकोनात खूण केली आणि जमलेल्या प्रत्येकाला क्लिक करायला लावलं. कानाच्या यंत्राचे आजोबासुद्धा आले. प्रत्येकाच्या हातून उघडलं.

“महाराज, ही खूण तुम्ही पहिल्याच दिवशी का नाही केलीत?” शिंप्याने विचारलं.

बुवांचा एक मोबाइल तेवढ्यात वाजला. निदान त्यांनी तो कानाला तरी लावला आणि बोलत बोलत ते गल्लीबाहेर गेले. दिराने खाली बसून मशीनचा दोर सोडायला घेतला, माझ्याकडे न बघता.

लोक पांगले. सासूबाई स्टुलावरच होत्या, पाय वर घेऊन.

“मग पाय वर ठेव, असं कोण म्हणालं?”

“बुवा म्हणाले, आई.”

“आणि तो?”

दीर दोर सोडायचा थांबला. “तो नाही म्हणाला,” मी म्हणाले. “तो गेला, आई.”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या हातातून काहीतरी हिसकावून घेतलंय. मग त्यांनी पाय खाली घेतले आणि आवाज न करता रडायला लागल्या. मी त्यांच्याजवळ जमिनीवर बसले. मलाही रडू आलं, इतक्या दिवसांनी, आणि ते थांबेना.

हे लिहितेय ते एवढ्यासाठी. तुमच्याकडे कोणी कापड घेऊन आला, तर आधी ते कापड बाजूला करायला लावा. मशीन अडलं, तर जाणत्या माणसाला विचारा. नसेल ठाऊक तर तो तसं सांगेल. आणि घरातलं माणूस गेलं असेल, तर गेलं असं एकमेकांना सांगा. फार जड जातं ते. पण आम्ही सांगितलं नाही, म्हणून माझ्या सासूबाईंना रोज सकाळी एका परक्या माणसाच्या तोंडून आपल्या मुलाशी बोलावं लागलं.