पाचवी अट आणि डांबराची झारी

मित्रांनो, मी एक जुनी झारी आहे. झारी म्हटल्यावर तुम्हाला बाग आठवली असेल, गुलाबाची रोपं आठवली असतील. तसली नाजूक झारी मी नव्हे. माझ्या पोटात उकळतं डांबर असतं. मी काळीकुट्ट, माझी चोच जरा वाकडी, आणि मुठीला गोणपाटाची पट्टी गुंडाळलेली. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढे मी माझी बरीच स्तुती करणार आहे.

माझा जन्म एका पत्र्याच्या कारखान्यात झाला. आम्ही बारा बहिणी. अकरा जणी रस्त्यांच्या कामावर गेल्या आणि मला एका विमानतळावर धाडलं. निघताना मी बहिणींपुढे काय भाव खाल्ला म्हणून सांगू! तिथे पोचल्यावर मात्र तोंड एवढंसं झालं. विमानतळ म्हणजे एक धावपट्टी, एक बैठं कार्यालय, बाकं टाकलेली एक खोली आणि सकाळ-संध्याकाळ येणारं अठरा जणांचं एक विमान. बस्स.

पण तिथे मला मिस्त्री भेटले. बोलणं कमी, काम फार, असा माणूस. सकाळचं विमान गेलं की ते मला घेऊन धावपट्टीवर चालायला निघायचे. नजर खाली, पाठ वाकलेली. केसाएवढी भेग दिसली तरी थांबायचे. तारेच्या ब्रशाने तिच्यातली माती काढायची, फुंकून साफ करायची, मग माझी चोच टेकवून गरम डांबर सोडायचं, वर दगडाची भुकटी भुरभुरायची. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा भेगेचं एवढं काय कौतुक? मित्रांनो, भेगेत पाणी शिरतं, खालचा थर खचतो, खडी सुटते. सुटलेला एक खडा विमानाच्या पंख्याला लागला, तर काय होईल ते मी तुम्हाला सांगत नाही. आमच्याकडे तसं कधी झालंच नाही.

मिस्त्रींची एक सवय होती. डांबर थिजण्याआधी भेगेच्या कडेशी ते खिळ्याने सालाचे शेवटचे दोन आकडे कोरायचे. कोणत्या सालचं डांबर टिकलं आणि कोणतं उखडलं, हे त्यांना कळायला हवं असे. ही गोष्ट त्यांना ठाऊक होती आणि मला. मी बोलणार कशी? तोंडात डांबर!

त्या विमानाचं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक म्हणजे मिस्त्रींची थोरली बहीण. अख्खा विमानतळ तिला अक्का म्हणायचा. तिची मूत्रपिंडं थकली होती. मोठ्या शहरातल्या रुग्णालयात तिला आठवड्यातून दोनदा जावं लागे. रस्त्याने अकरा तास, विमानाने पाऊण तास. तिची जागा खिडकीची. ती दुसऱ्याला दिली, तर वैमानिकालाही बोलणी खावी लागत.

अशी एकोणीस वर्षं गेली. धावपट्टीही म्हातारी झाली. तज्ज्ञ आले, त्यांनी सांगितलं, आता भेगा भरून भागणार नाही, संपूर्ण नवा थर हवा. दोन वर्षांत तो पडला नाही, तर विमान बंद. हे ऐकून मिस्त्री त्या दिवशी जेवलेच नाहीत. विमान बंद म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार?

आमच्या अधिकारीबाई मात्र पदर खोचून उभ्या राहिल्या. विमानतळ विकासासाठी सरकार अनुदान देतं, त्यासाठी त्यांनी अर्ज केला. उत्तरादाखल पाच अटींचं पत्र आलं. पहिली, जमीन विमानतळाच्याच नावावर हवी. दुसरी, नकाशा मंजूर हवा. तिसरी, शेजारपाजारच्या लोकांची सुनावणी घ्यायला हवी. चौथी, खर्चातला थोडा वाटा गावाने उचलायला हवा. या चार अटी पुऱ्या करताना सगळ्यांच्या नाकी नऊ आले. जमिनीचा कागद सापडला तो कपाटाच्या डुगडुगत्या पायाखाली, घडी करून ठेवलेला! सुनावणीत एका काकूंनी विमानामुळे आपल्या कोंबड्या अंडी देत नाहीत अशी तक्रार केली. अक्का ताडकन उठली. म्हणाली, "तुझ्या कोंबड्या म्हाताऱ्या झाल्यात गं, माझ्यासारख्या!" काकूसुद्धा हसल्या आणि हरकत मागे घेतली.

राहिली पाचवी अट. जी धावपट्टी आहे, तिची आजवर नीट देखभाल केल्याच्या नोंदी दाखवा, आणि नव्या धावपट्टीचीही कराल अशी हमी द्या. हे जमणार नसेल, तर अर्जाचा विचार होणार नाही.

बाईंनी देखभालीच्या नोंदवह्या मागवल्या. उघडून बघतात तर पानापानावर एकच शब्द: निरंक. म्हणजे नोंदवण्यासारखं काहीही नाही. आमचे कारकूनभाऊ अक्षराने देखणे, स्वभावाने सरळ. कुणाची तक्रार आली नाही, काही मोडलं नाही, मग लिहायचं काय, असं म्हणून त्यांनी महिन्यामागून महिने सुबक अक्षरात निरंक लिहिलं होतं.

कारकूनभाऊंच्या तोंडचं पाणी पळालं. "मॅडम, मी दोन दिवसांत सगळ्या वह्या नव्याने लिहून काढतो," ते हळूच म्हणाले. "पेनं तीन वेगळी वापरतो. कुणाला कळणार नाही."

"आपल्याला कळेल ना," बाई म्हणाल्या. "आहेत त्याच वह्या टेबलावर ठेवा."

मी तेव्हा दाराबाहेर पायरीवर होते. मला बाईंचा अभिमानही वाटला आणि आता अनुदान जातंय अशी धास्तीही वाटली.

अनुदान देणाऱ्या खात्याचे तपासनीस आले. उंच, गंभीर, चष्मा नाकाच्या टोकावर. त्यांनी चार अटींवर बरोबरच्या खुणा केल्या. मग वह्या चाळल्या. "एकोणीस वर्षांत देखभाल निरंक," ते म्हणाले. "बाई, जे होतं ते तुम्ही सांभाळलं नाही, तर नवीन कशाच्या भरवशावर द्यायचं?"

शेजारच्या खोलीत अक्का विमानाची वाट बघत बसली होती. तिने हे ऐकलं आणि थेट आत शिरली. "निरंक? माझ्या भावाची पाठ वाकली, ती काय निरंक वाकली? बोलवा त्याला!"

मिस्त्री आले. हातात मी, बूट धुळीने माखलेले.

"तुम्ही भेगा भरता?" तपासनिसांनी विचारलं.

"भरतो."

"पुरावा काय?"

"तिथेच आहे की. चला, दाखवतो."

सगळे धावपट्टीवर गेले. मिस्त्री कडेला उकिडवे बसले आणि त्यांनी तळहाताने धूळ पुसली. डांबरात दोन आकडे दिसले. चार पावलांवर दुसरे. पुढे तिसरे. तपासनिसांनी चष्मा वर सरकवला आणि इस्त्रीच्या पँटीसकट गुडघ्यावर बसले. मधल्या पट्ट्यातले आकडे चाकांनी पुसले होते, पण कडेचे लख्ख होते. एका भेगेजवळ एकाखाली एक तीन सालं होती. "हिने फार सतावलं," मिस्त्री म्हणाले. "त्या दोन वर्षांचं डांबर हलकं होतं."

कारकूनभाऊंनी कपाळाला हात लावला. "मिस्त्री, तुम्ही कधी सांगितलं का नाहीत हो?"

"भरलेली भेग उरत नाही, भाऊ. जी उरलीच नाही, तिचं काय सांगायचं?"

तपासनीस उठले. गुडघे झटकत म्हणाले, "नोंद आहे, पण जमिनीवर. मला ती कागदावर हवी. मागच्या तारखा घालू नका. आज जे दिसतं तेच लिहा, वर आजची तारीख घाला. शुक्रवारपर्यंत."

मग काय विचारता! सकाळचं विमान गेल्यापासून संध्याकाळचं येईपर्यंत सगळा विमानतळ रांगायला लागला. बाई रांगताहेत, अग्निशामक गाडीचा चालक रांगतोय, कारकूनभाऊ पाटीवर कागद लावून लिहिताहेत. अक्काला वाकता येत नव्हतं. ती खुर्ची टाकून बसली आणि "अरे, ती राहिली, डोळे आहेत की बटणं!" असं सगळ्यांना ओरडत राहिली. चार दिवसांत अठराशे बारा भेगा मोजून झाल्या. प्रत्येक पानाखाली 'काम करणारा' असं लिहून कारकूनभाऊंनी जागा सोडली होती. मिस्त्रींना तिथे सही करायला सांगितलं. एकोणीस वर्षांत ज्या हाताने डांबराचा थेंब इकडेतिकडे सांडला नव्हता, त्याने पहिल्याच सहीला शाईचा डाग पाडला. मला फार भरून आलं, मित्रांनो.

दोन महिन्यांनी मंजुरीचं पत्र आलं. जीव भांड्यात पडला असं तुम्ही म्हणता ना? मी तर स्वतःच भांडं. सगळ्यांचे जीव त्या दिवशी माझ्यातच पडले असावेत, इतकी मी जड झाले होते. विमान काही आठवडे दुसरीकडून उडालं. घराएवढी यंत्रं आली आणि त्यांनी काळाभोर नवा थर अंथरला. आमच्या अठराशे बारा भेगा आणि त्यांचे आकडे त्याखाली गेले. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? मिस्त्री मात्र कडेला उभे राहून आनंदाने बघत होते. विमान परत सुरू झालं तेव्हा अक्का पहिल्या फेरीने गेली आणि येऊन म्हणाली, "उतरल्याचं कळलंच नाही रे. मी झोपूनच राहिले!"

आता माझ्याकडे कोण बघणार, असं मला वाटलं. मला खुंटीवर टांगलं, आठ दिवसांत माझ्यावर कोळ्याने संसार थाटला. नवव्या दिवशी मिस्त्री आले. त्यांनी मला खाली उतरवलं, रॉकेलच्या फडक्याने पुसलं, चोचीतलं जुनं डांबर टोकरून काढलं. कारकूनभाऊ नवी वही काखेत धरून दारात उभे होते. त्यांना हसू आलं.

"मिस्त्री, पट्टी कोरी करकरीत आहे. आता झारी कशाला?"

"म्हातारीकडे सगळेच बघतात, भाऊ. नवीकडे पहिल्या दिवसापासून बघायला हवं. चला, चालून येऊ."

आणि आम्ही तिघं निघालो. मित्रांनो, तुमच्याकडेही काही नवं येईल. सायकल येईल, दप्तर येईल, घरही येईल. ते मिळालं की पहिल्याच दिवशी त्याच्याभोवती एक चक्कर मारा. आणि तुमच्यासाठी कुणी गुपचूप भेगा भरत असेल, तर त्याचं नाव आजच्या आज वहीत लिहा. आता मला जाऊ द्या. ते बघा, मिस्त्री खाली वाकलेत. काही नाही, पान पडलंय. पण बघितलं, हे महत्त्वाचं.