खिशात मावणारा राउटर

एवेलिओची सगळी मदार एका राउटरवर होती. तो लहान हवा, हलका हवा, कारण परदेशातून सामान वाहून आणणारी माणसं वजनावरून कटकट करतात. आणि आतला प्रोग्राम खुला हवा. म्हणजे तो बदलून चौकातलं वायफाय घरात ओढता येईल. त्यांच्या गावात, सिएनफुएगोसमध्ये, तेव्हा इंटरनेट फक्त चौकातच मिळायचं. एवेलिओ तिथे जाऊन बाकावर बसायचा, पण बायकोला, नेरेइदाला कोण उचलून नेणार? कंबर मोडल्यापासून ती खाटेला खिळलेली. मुलाला एकदा समोर बोलताना बघायचं, एवढंच तिचं मागणं होतं.

मुलगा योआंद्री परदेशात, माँतेव्हिदेओत. चौकातून फोन लावला की दोन वाक्यांत त्याचं चित्र गोठायचं. मग निरोप यायचा, 'तुटलं बाबा, नंतर बोलू.' राउटर आधी त्यालाच मागितला होता, नीट नाव कळवून. त्याने पाठवला विटेएवढा, कंपनीने कुलूपबंद केलेला.

"काका, हा दाराला टेकू म्हणून लावा," शेजारचा ओस्मेल म्हणाला. गल्लीतल्या गच्च्यांवरचे राउटर त्यानेच बसवलेले. "लेकाला साधं नाव वाचता येत नाही?"

"कामात असतो तो."

"हो, रिकामटेकडे काय ते आपणच."

शेवटी बंदरावरच्या एका खलाशाकडे ओस्मेलला हवा तसा राउटर सापडला, साबणाच्या वडीएवढा. खलाशाला बदल्यात सायकल हवी होती. एवेलिओने ती दिली. तिच्या कॅरियरवर बसून नेरेइदा सगळं गाव फिरली होती.

ओस्मेलने प्रोग्राम बदलला, राउटर आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात घालून गच्चीवर बांधला आणि वरूनच म्हणाला, "लावा काका. एवढी रेंज चौकातल्या पुतळ्यालासुद्धा मिळत नसेल."

नेरेइदाने केस विंचरून घेतले, झुमके घातले. फोन लागला. योआंद्रीच्या हनुवटीवरचा लहानपणीचा व्रणसुद्धा स्वच्छ दिसला.

"वाळलास रे बाळा. जेवतोस ना वेळेवर? घरी कधी येतोस?"

योआंद्रीचं तोंड अर्धवट उघडं राहिलं. पापणीही लवेना. एवेलिओने सवयीने फोन खिडकीकडे धरला.

मग त्याचं लक्ष गेलं. योआंद्रीच्या मागे पंखा फिरत होता. पडदा हलत होता. एक मांजर खिडकीतून उतरलं आणि निवांत पलीकडे गेलं.

पलीकडून फोन बंद झाला. पाठोपाठ निरोप आला, 'तुटलं बाबा.'

 इतके दिवस एवेलिओने चौकाला, तारांना, पावसाला शिव्या घातल्या होत्या. बायकोकडे बघायची त्याला हिंमत होईना.

"काका, दिसला का?" ओस्मेलने वरून विचारलं.

"दिसला," नेरेइदानेच उत्तर दिलं. मग झुमके काढत ती नवऱ्याला म्हणाली, "ते वरचं काढून टाकायला सांग ओस्मेलला. तू आपला चौकातूनच बोलत जा. तिथे निदान लाइन तुटते."