अंगठ्याची जागा

लाकडी मुठीच्या डाव्या बाजूला तीन मिलिमीटर खोल खळगा होता. काळूरामने तो व्हर्नियरने दोनदा मोजला. मूठ लूमसाठी सुताच्या कांड्या भरायच्या यंत्राची होती, आणि तो खळगा त्याच्या बायकोच्या, कमळाच्या अंगठ्याने एकोणतीस वर्षांत पाडला होता. ती जाऊन चौदा महिने झाले होते.

लूमचा फिटर म्हणून काळूरामचा जन्म खारबावच्या स्वतःच्या शेडमध्ये गेला. आता बासष्टाव्या वर्षी तो भिवंडीत थ्री-डी प्रिंटिंग शिकत होता, कारण मूठ चिरली होती आणि तसा भाग कुठेच मिळत नव्हता. मुलगा भूपेश शेड रिकामी करून गोदामाला द्यायची म्हणत होता. काळूराम दर वेळी म्हणे, "आधी यंत्र चालू करू, मग बघू."

नवी मूठ छापून झाली. शिकवणारी मृणाली म्हणाली, "काका, पहिलाच नग आणि एवढा सफाईदार? माझी नोकरी घालवणार तुम्ही."

शेडमध्ये त्याने ती यंत्राला बसवली, अंगठा ठेवला आणि थांबला. खळगा नव्हता. झिजलेला भाग पुन्हा मूळ मापाला आणायचा, ही फिटरच्या हाताची सवय. संगणकावर आराखडा काढताना त्याने ते तीन मिलिमीटर भरून टाकले होते.

"परत छाप ना, बाबा," भूपेश म्हणाला. "माप तर हाय तुझ्याकडे."

"माप हाय." काळूरामने चिरलेली जुनी मूठ खिशात ठेवली. "अंगठा न्हाय. यंत्र विकून टाक, भूपेश. शेड दे गोदामाला."