यंत्राचं काय ठरलं?

काकूंना पुतण्या नव्हता, कारण मुळात लग्नच झालेलं नव्हतं. तरी पोलादी कपाटांच्या त्या कारखान्यात दरवानापासून मालकापर्यंत सगळे त्यांना काकूच म्हणत. सव्वीस वर्षं त्या एकाच खोलीत बसत होत्या. एक टेबल, एक खुर्ची, सतत घरघरणारा एसी आणि कोपऱ्यात छातीइतक्या उंचीचं काळं यंत्र. पूर्वी अख्खा हॉल अडवून बसणारे संगणक असत आणि आता टेबलाटेबलावर असतात ते छोटे. हे त्या दोन्हींच्या मधलं, मध्यम धंद्यांसाठी बनवलेलं. कारखान्याच्या ऑर्डरी, पत्र्याचा साठा, कोणतं कपाट कुठे गेलं, त्याच्या कुलपाची किल्ली कोणत्या नंबरची, सगळं याच्या पोटात. आतला प्रत्येक प्रोग्राम काकूंच्या हातचा. काळ्या स्क्रीनवर हिरवी अक्षरं, माउसचा पत्ता नाही. नवीन लागलेले लोक दारातून डोकावून हसायचे. काकूही हसायच्या. यंत्र आजवर दोनदाच बंद पडलं होतं, आणि त्यातल्या एका वेळी चूक उंदराची होती.

नवी सिस्टीम घ्यायची की हेच पुढे रेटायचं, हे घोंगडं नऊ वर्षं भिजत पडलं होतं. तीनदा सल्लागार येऊन गेले. पहिले म्हणाले, याचे सुटे भाग लवकरच मिळेनासे होतील. दुसरे म्हणाले, याच जातीचं नवं यंत्र घ्या, प्रोग्राम जसेच्या तसे चालतील. तिसऱ्यांनी सगळंच नवं घ्यायला सांगितलं, पण जुन्या नोंदी फक्त सात वर्षांच्या नेता येतील म्हणाले. मालकांच्या मागे आता कारखाना त्यांचा मुलगा, धाकटे साहेब, बघत. त्यांनी तिन्ही अहवाल कपाटात ठेवले (कपाटांना तिथे काही तोटा नव्हता) आणि तिन्ही वेळा म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू."

त्या वाक्याला काकूंची निवृत्ती बांधलेली होती. साठ पूर्ण झाल्यावर साहेबांनी एक वर्ष वाढवून दिलं, मग आणखी एक, मग तिसरं. इकडे दुसऱ्या गावात त्यांची थोरली बहीण, ताई, नवरा गेल्यापासून दोन खोल्यांच्या घरात एकटीच होती. काकूंनी तिथे जाऊन राहायचं, हे दोघींचं कधीचं ठरलेलं. ताईने मागच्या खोलीतली खाट खिडकीशी ओढून ठेवली होती, नवे पडदे शिवले होते. दर रविवारी ती फोनवर विचारायची, "तुझ्या यंत्राचं काय ठरलं?"

त्या रविवारीही तिने विचारलं.

"अजून काही नाही गं," काकू म्हणाल्या. "पुढच्या वर्षी नक्की, असं म्हणतायत."



"मग माझं मी ठरवलं," ताई म्हणाली. "मुलाकडे जातेय. जिना चढवत नाही आता मला. घर भाड्याने दिलं, परवा माणसं येतायत सामान घेऊन."

"मला सांगितलं नाहीस?"

"काय सांगणार? तू म्हणाली असतीस, थांब. तीन वर्षं थांबलेच की मी."

आवाजात राग असता तर काकूंना बोलता आलं असतं. राग नव्हता.  फोन ठेवून काकूंनी भांडी घासली. एकाच माणसाची भांडी. ती कितीशी असणार!

सोमवारी त्या थेट धाकट्या साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या.

"साहेब, मला एकदा सांगून टाका. यंत्राचं काय करणार आहात?"

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "खरं सांगू काकू? मला माहीत नाही. परवा त्या शाळेचा फोन आला होता ना? बावीस वर्षांपूर्वीचं कपाट, किल्ली हरवलेली. तुम्ही चुटकीसरशी नंबर काढून दिलात. नव्या सिस्टीममध्ये ते कुठून मिळणार? आणि जुनंच ठेवावं तर उद्या ते बसलं की मी कुणाच्या तोंडाकडे बघू? दोन्हीकडून भीतीच वाटते. तुम्ही आहात तोवर मला झोप लागते, एवढंच." ते ओशाळं हसले. "आणखी दोन वर्षं द्याल?"

अशी विनवणी आधी कुणी केली असती तर काकू विरघळल्या असत्या.

"नाही साहेब," त्या म्हणाल्या. "महिनाअखेरीला मी निघते. कुणालातरी बसवा माझ्याजवळ. शिकवून जाते."

बसवली ती माल पाठवण्याच्या विभागातली एक बाई. चुणचुणीत होती, आणि मनातलं तोंडावर बोलणारी. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "काकू, रागावू नका, पण हे शिकून मी दुसरीकडे गेले तर मला दारात तरी उभं करतील का? मला लागेल तेवढंच सांगा."

काकूंना ते लागलं. पण ती खोटं काय बोलत होती? त्यांनी तिला तीनच गोष्टी शिकवल्या: यंत्र बंद करून पुन्हा चालू कसं करायचं, नोंदींच्या नकलेसाठी रोज टेप कशी बदलायची आणि किल्लीचा नंबर कसा शोधायचा. बाकीचं एका जाड वहीत लिहून काढलं. शेवटच्या दिवशी कारखान्याने त्यांना घड्याळ दिलं. साहेब दोन शब्द बोलायला उभे राहिले आणि चष्मा पुसत मध्येच खाली बसले. काकू कोरड्या डोळ्यांनी घरी गेल्या.

पहिला आठवडा त्यांनी फोन हाताशी ठेवून काढला. आंघोळीला जातानाही तो बाहेर स्टुलावर असायचा. त्यांची खात्रीच होती की दोन दिवसांत धावाधाव होईल. वर्षातून एकदा तारखांचा एक घोळ व्हायचा, तो त्यांच्याशिवाय कुणाला निस्तरता येणार नव्हता. फोन आला नाही. वर्षअखेरही सरली. त्या बाईने वही उघडून तो घोळ निस्तरला असावा, किंवा घोळ झालाच नसावा. यंत्र चालत होतं. आपण इतकं चांगलं काम केलं होतं की आता आपली गरजच उरली नाही, हे त्यांना एका दुपारी कपडे वाळत घालताना कळलं. हातातला ओला टॉवेल तसाच धरून त्या उभ्या राहिल्या. धड अभिमान वाटेना, धड वाईटही.

पाचव्या महिन्यात फोन वाजला. तीच बाई होती.

"काकू, मला दुसरी नोकरी लागली. सांगावंसं वाटलं तुम्हाला."

"बरं झालं गं. आणि... यंत्राजवळ कोण बसतं आता?"

"कुणीच नाही. टेप शिपाई बदलतो. चालू आहे अजून. साहेब म्हणतात, पुढच्या वर्षी बघू."

काकूंना हसू आलं. मोठ्याने हसल्या त्या. पलीकडची बाईही हसली. मग फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी कुणी बोलावलं नसताना काकू भाच्याच्या गावच्या बसमध्ये बसल्या. भाच्याचं घर लहान. ताईची गादी हॉलमध्ये टीव्हीखाली. दिवसा गुंडाळून ठेवायची. ताई खूप वाळली होती. सगळे आपापल्या कामाला गेल्यावर दोघी त्या गुंडाळलेल्या गादीवरच टेकून बसल्या. 

"जायला हवं होतं मी तुझ्याकडे," काकू म्हणाल्या. "तेव्हाच."

"हो," ताई म्हणाली. तिने समजूत घातली नाही, आणि काकूंना ते बरं वाटलं.

संध्याकाळच्या बसची वेळ झाली तशा काकू उठून पिशवी शोधू लागल्या. पिशवी ताईच्या मांडीवर होती.

"दोन दिवस राहा."

"अगं, जागा कुठाय इथे?"

"आडव्या झोपू. पाय बाहेर काढू," असं म्हणून ताईने पिशवीतली साडी काढली आणि खुंटीवर टांगून टाकली.