ठिपकेवाली गाडी

काटेसाहेबांचं आडनाव काटे नव्हतं. मालट्रक तोलायच्या वजनकाट्यावर ते कारकून होते, म्हणून ट्रक ड्रायव्हरांनी त्यांना हे नाव पाडलं होतं, आणि त्यातल्या 'साहेब'मध्ये आदरापेक्षा वैतागच जास्त होता. भरल्या ट्रकच्या वजनाला सीटखाली दगड ठेवायचे आणि माल उतरवून रिकामा ट्रक परत तोलायला आणताना ते वाटेत फेकून यायचे, म्हणजे मालाचं वजन आपोआप फुगतं. असल्या युक्त्या पकडण्यात काटेसाहेबांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. जगात दोनच प्रकारची माणसं असतात, एक पकडलेली आणि दुसरी अजून न पकडलेली, असं ते म्हणत. असं म्हणणारा माणूस घरी कसा असेल, ते त्याच्या बायकोला विचारावं.

त्यांचा जीव होता तो त्यांच्या काळ्या मोटरसायकलवर. गाडी लहानशी, कामावर जायची-यायची, पेट्रोलच्या नुसत्या वासावर चालल्यासारखी चालायची. या गाडीच्या आधी त्यांच्याकडे दुसरी एक होती. एका गॅरेजवाल्याने तिचा चांगला कार्बोरेटर काढून घेऊन भंगारातला बसवून दिला होता, आणि काटेसाहेबांना ते फार उशिरा कळलं. जगाला पकडणारा माणूस स्वतःच पकडला गेला, हे दुःख लहान नव्हतं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. काटेसाहेब तर पाणीही फुंकून प्यायला लागले.

ही गाडी घेतली तेव्हा त्यांनी बायकोच्या कपाटातली नेलपॉलिशची बाटली उचलली आणि गाडीच्या एकेका भागावर बारीक लाल ठिपका लावला. प्लगवर, क्लचच्या वायरीच्या टोकाला, कार्बोरेटरच्या पोटाला, चेनच्या कडीवर, अगदी चाक उघडून आतल्या ब्रेकशूंवरसुद्धा. दर सुट्टीला सकाळी ते पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून, हातात टॉर्च घेऊन गाडीभोवती फिरत आणि ठिपके तपासत. ठिपका दिसला की समाधान. तो भाग झिजलाय का, सुकलाय का, तुटायला आलाय का, हे बघायचं त्यांना कधी सुचलं नाही. चोर पकडायच्या नादात चोरण्यासारखं काही उरलंय का, हे कोण बघतं?

गाडी ते घरामागच्या गल्लीतल्या मिस्त्रीकडेच टाकत. मिस्त्री अबोल माणूस, हाताचा चांगला. सुरुवातीला तो म्हणे, "साहेब, ब्रेकचे लायनर बदलायला आलेत." काटेसाहेब हसत. "बदलायला नेहमीच येतात रे तुमच्याकडे. माझे मूळचेच राहू दे." पुढे पुढे त्याने सांगायचंच सोडून दिलं. तो वठणीवर आला, असा काटेसाहेबांनी त्याचा अर्थ लावला.

आणि आपण बरोबर होतो, याचा त्यांच्याकडे पुरावाही होता. शाळेजवळच्या उतारावर एकदा लेकीला मागे बसवून ते येत होते, तोच गल्लीतून पाण्याचा टँकर मागचापुढचा विचार न करता उलटा बाहेर आला. काटेसाहेबांनी ब्रेक दाबला. गाडी टँकरपासून वीतभर अंतरावर थांबली. लेक त्यांच्या पाठीला इतकी घट्ट चिकटली होती की घरी येईपर्यंत सुटली नाही. हा किस्सा त्यांनी वजनकाट्यावर आलेल्या प्रत्येकाला ऐकवला होता आणि शेवट ठरलेला असे: "मूळचे ब्रेक, बरं का! एकालाही हात लावू दिला नाही. म्हणून आज लेक आहे माझी." हे सांगताना त्यांचा आवाज खरंच भरून येई.

तर अशाच एका सुट्टीच्या सकाळी क्लचच्या वायरीवरचा ठिपका पाहून ते थबकले. ठिपका लाल होता, जागेवर होता, पण तो त्यांचा लाल नव्हता. त्यांचा डाळिंबी. हा जरा विटकरी.

त्यांनी टॉर्च जवळ नेला, लांब नेला, शेवटी गाडी उन्हात ढकलली. विटकरीच. म्हणजे वायर बदलली गेली होती, आणि बदलणाऱ्याने वर ठिपकाही काढून ठेवला होता. "सापडलास," ते पुटपुटले. खरं सांगायचं तर त्यांना आनंद झाला. इतक्या वर्षांच्या संशयाला अखेर फळ आलं होतं.

रंग जुळवून बघावा म्हणून ते कपाटाकडे गेले. आतली बाटली जुनी नव्हतीच. नवी होती, रंग विटकरी, आणि निम्मी संपलेली. तिथे त्यांचा आनंद संपला.

बायको खिडकीशी शिलाईमशीनवर बसली होती. लोकांचे कपडे उसवून, आवळून, लांबवून देण्याचं काम ती घरीच करी. काटेसाहेबांनी तिच्या बोटांकडे पाहिलं. नखं कोरी. सुई टोचून टोचून खरबरीत झालेली ती बोटं त्यांनी रंगलेली पाहिल्याला जमाना झाला होता.

"ही बाटली कधी आणलीस?"

मशीन थांबलं. "कुठली? अहो, ती होय... आणली असेल कधीतरी."

"निम्मी संपलीय."

"सुकतं ते," बायको म्हणाली आणि मशीन पुन्हा सुरू झालं, नेहमीपेक्षा जोरात.

सुकलं तर बाटलीतच राहील ना? उडून कुठे जाईल? वजनकाट्यावर काटेसाहेब शिकले होते की ड्रायव्हर घाईने उत्तर देतो तेव्हा त्याला जाऊ द्यायचं आणि परत यायची वाट बघायची.

दुसऱ्या दिवशी कामावरून येताना ते हवा भरायचं निमित्त करून मिस्त्रीकडे थांबले. मिस्त्रीने नळी धरली आणि काटेसाहेबांचं लक्ष त्याच्या अंगठ्याकडे गेलं. काळ्याकुट्ट अंगठ्याच्या नखावर लाल शिंतोडा होता. विटकरी.

"हे काय लागलंय?"

मिस्त्रीने अंगठा पाहिला, मग तो पँटला पुसला. "रंग असेल, साहेब. कुठल्या तरी गाडीचा."

बस्स. आतापर्यंत दोन वेगवेगळे संशय होते, एक गाडीबद्दलचा आणि एक बाटलीबद्दलचा. त्या अंगठ्यावर दोघांची गाठ बसली. मग काय, माणसाचं मन म्हणजे उतारावरची गाडी. 'सर्व्हिसिंगला कधी टाकणार हो?' हे दरवेळी बायकोच आठवणीने विचारते, ते का? गाडी टाकली की त्या दिवशी ती गुणगुणत का असते? 'मिस्त्रीभाऊ, मिस्त्रीभाऊ' म्हणते, पण भाऊ म्हणायला काय जातं? तो आपल्याशी बोलत नाही, पण कुणाशीच बोलत नसेल कशावरून? काटेसाहेबांचं जेवण गेलं. लेक अभ्यासाचं काही विचारायला आली तर तिच्या चेहऱ्यात त्यांना तिच्या आईचा चेहरा दिसला आणि ते खेकसले. पोर हिरमुसून निघून गेली. हे घर आता राहत नाही, असं त्यांना वाटलं, आणि या वाटण्याने त्यांना इतकी भीती वाटली की रागाशिवाय तिला झाकायला त्यांच्याकडे काही नव्हतं.

त्यांनी सापळा लावला. "गाडी आज सर्व्हिसिंगला टाकतोय," सकाळी त्यांनी मुद्दाम मोठ्याने सांगितलं.

"बरं झालं," बायको म्हणाली. लगेच!

गाडी मिस्त्रीच्या स्वाधीन करून ते बसच्या दिशेने चालत गेले, कोपऱ्यावरून वळले आणि गल्लीच्या दुसऱ्या बाजूने परत येऊन गॅरेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात शिरले. दुकानदाराला संशय येऊ नये म्हणून त्यांनी स्वतःच्या लायसन्सच्या प्रती काढायला सांगितल्या. आणखी काढा, आणखी काढा, असं करत लायसन्सचा एक गठ्ठाच झाला.

आणि बायको आली. हातात कापडी पिशवी. मिस्त्रीने तिच्यासाठी स्टूल पुसलं. ती बसली नाही, गाडीशी वाकली, तोही वाकला. दोघांची डोकी जवळ आली. काटेसाहेबांचे कान गरम झाले. लायसन्सचा गठ्ठा छातीशी धरून त्यांनी रस्ता ओलांडला, त्यांना चुकवताना एक सायकलवाला पडता पडता वाचला.

"वा! चालू द्या! माझं काय, मी कामावर गेलोय!"

बायको दचकून सरळ झाली. तिच्या एका हातात बाटली होती, दुसऱ्या हातात इवलासा ब्रश. मिस्त्रीच्या तळहातावर नवा प्लग होता, जुनं ऑइल फासून काळा केलेला, आणि त्यावर अर्धवट लावलेला ठिपका.

काटेसाहेबांनी ते सगळं पाहिलं, पण वाक्य आधीच तोंडातून निघालं होतं. "लाज नाही वाटली? भाऊ म्हणतेस त्याला! तुझ्यासाठी राबराब राबतोय, आणि तू माझ्या पाठीमागे या... या माणसाबरोबर..."

मिस्त्री आधी गोंधळला, मग त्याला अर्थ कळला आणि त्याने मान खाली घातली. गल्लीत शिव्या ऐकून घ्यायची त्याला सवय होती, हे ऐकायची नव्हती.

बायको रडली नाही. तिने ब्रश बाटलीत घातला आणि झाकण हळूहळू फिरवून घट्ट केलं.

"मिस्त्रीभाऊ," ती म्हणाली, "तो डबा द्या त्यांना."

मिस्त्रीने फळीखालून रंगाचा रिकामा डबा ओढून आणला आणि काटेसाहेबांच्या पायाशी उपडा केला. आतून निघाले प्लग, चेन, एका धाग्यावर लोंबणारी क्लचची वायर, भोकं पडलेला फिल्टर, ब्रेकशूंची जोडी. प्रत्येकावर डाळिंबी ठिपका. त्यांचा स्वतःचा.

"तुम्ही बदलू देत नव्हता, साहेब," मिस्त्री म्हणाला. "म्हटलं तर चोर ठरवायचा. वहिनी एकदा येऊन म्हणाल्या, त्यांना न सांगता बदला, सामानाचं मी बघते शिवणातून. ठिपका नसला तर मात्र तुम्ही मला उभं जाळलं असतं. म्हणून मग... माझी बोटं जाड, माझ्याच्याने ठिपका पसरतो. वहिनी येऊन लावून जातात. जुनी बाटली संपली तेव्हा तोच रंग मिळाला नाही, तिथे चुकलं."

काटेसाहेबांनी खाली वाकून ती ब्रेकशूंची जोडी उचलली. ठिपका चकचकीत होता. लायनर मात्र नव्हतेच. जिथे ते असायला हवेत तिथे बोटाला नुसतं लोखंड लागत होतं.

"हे कधी काढलेस?" त्यांनी विचारलं. आवाज त्यांचाच होता, पण बारीक झालेला.

मिस्त्रीने बायकोकडे पाहिलं. उत्तर तिने दिलं.

"टँकर आडवा आला त्याच्या आदल्या आठवड्यात."

गल्लीतून कुणीतरी हॉर्न वाजवत गेलं. काटेसाहेबांना तो उतार दिसला, वीतभर अंतर दिसलं आणि पाठीला चिकटलेले लेकीचे दोन हात जाणवले. "मूळचे ब्रेक, बरं का!" किती जणांना सांगितलं होतं. घरातसुद्धा, जेवताना, पाहुण्यांसमोर. आणि ही समोर बसून वाढत होती, मान डोलवत होती.

"तू बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर विश्वास ठेवला असता?" बायकोने विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच वाईट होतं. "तुम्ही मिस्त्रीवर नाही ठेवलात, माझ्यावर नाही ठेवलात. तुमचा भरवसा त्या ठिपक्यावर होता. म्हणून ठिपका दिला." मग तिने बाटली त्यांच्या हातातल्या गठ्ठ्यावर ठेवली. "मलाही एखादा लावून ठेवायचा होतात लग्नात. सुट्टीच्या दिवशी तपासता आला असता."

ती पिशवी उचलून चालत घरी गेली. काटेसाहेब मिस्त्रीच्या स्टुलावर बसले. माफी मागायला शब्द लागतात, आणि त्यांच्याकडे सगळे शब्द झडतीचे होते. शेवटी ते म्हणाले, "तो प्लग बसवून टाक." मिस्त्रीने अर्धवट ठिपक्याकडे बघून भुवया उंचावल्या. "पुसून टाक रे," काटेसाहेब म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. मिस्त्री पाना शोधायला आत गेला आणि गरजेपेक्षा जास्त वेळ आत राहिला.

संध्याकाळी त्यांनी लेकीला शाळेतून आणलं. उतारावर काही आडवं आलं नाही, तरी त्यांनी ब्रेक दाबून पाहिला. गाडी जागच्या जागी थांबली. "काय झालं बाबा?" लेकीने विचारलं. "काही नाही," ते म्हणाले.

घरी मशीन चालू होतं. काटेसाहेब दारात उभे राहिले. चूक झाली, एवढंच त्यांना म्हणता आलं, आणि ते त्यांनी दोनदा म्हटलं. बायकोने दोरा तोडला, कापड झटकलं, घडी घातली.

"उद्या कपडे पोचवायचेत ना तुला?" त्यांनी चाचरत विचारलं. "मी सोडतो. बसशील ना?"

"बसेन की," ती म्हणाली. "गाडीवर माझा विश्वास आहे."

ते पुढच्या शब्दाची वाट बघत दारात उभे राहिले. तिने दुसरं कापड घेतलं आणि मशीन सुरू केलं.